चौदा आणि वीस यांच्यामधली सहा वर्षे

चेन्नईच्या दक्षिण टोकाला, नंगनल्लूरसारख्या वस्तीत राहणाऱ्याला सैन्याची ओळख डोळ्यांआधी कानांनी होते. पहाटेच्या वाऱ्यावर परंगिमलैकडून, म्हणजे सेंट थॉमस माउंटच्या बाजूने, बँडचा सराव ऐकू येऊ लागला की समजावे, मार्च किंवा सप्टेंबर जवळ आला. ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीच्या दीक्षान्त संचलनाचे हे दोन हंगाम. मेजर रामस्वामी परमेश्वरन या परमवीरचक्र विजेत्या माजी छात्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानावर शेकडो मुलेमुली ‘अंतिम पग’ ओलांडतात, आईवडील त्यांच्या खांद्यांवर तारे लावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ते छायाचित्र हमखास येते. सेवानिवृत्तीनंतर मी दोनदा हे संचलन पाहिले. दोन्ही वेळा एकच प्रश्न मनात आला. तो त्या प्रसंगी विचारणे असभ्यपणाचे ठरले असते, म्हणून विचारला नाही : यांतले किती जण निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचतील?

कारण या अकादमीतून बाहेर पडणारे बहुतेक अधिकारी शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर जातात. मुदत १० वर्षे, वाढवून १४. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी लागणारी सेवा मात्र २० वर्षे. या दोन आकड्यांमध्ये जी सहा वर्षे उरतात, त्यांवर गेली दोन दशके आपली न्यायालये, मंत्रालये आणि शेकडो कुटुंबे झगडत आहेत. गंमत अशी की, याच अधिकाऱ्याच्या हाताखालच्या जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर निवृत्तिवेतन मिळते. चौदा वर्षे तुकडीचे नेतृत्व करून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्याला ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम, निरोपाचे जेवण आणि एक स्मृतिचिन्ह मिळते. त्याच्याबरोबर सीमेवर राहिलेला हवालदार आयुष्यभर दरमहा बँकेत जाऊन आपले निवृत्तिवेतन घेतो. हवालदाराला ते मिळू नये असे कोणीच म्हणणार नाही. पण अधिकाऱ्याच्या बाबतीत हिशेब बरोबर एक वर्ष अलीकडे थांबतो, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

या योजनेचा जन्म समजून घ्यायचा तर १९६२ पर्यंत मागे जावे लागते. चीनकडून झालेल्या पराभवानंतर सैन्याला अधिकाऱ्यांची तातडीने गरज भासली आणि पुणे व मद्रास येथे प्रशिक्षण शाळा सुरू झाल्या. मद्रासची शाळा १९६३ ची. तिचेच १९८८ मध्ये अकादमी असे नामांतर झाले. त्या वेळच्या तरुणांना ‘इमर्जन्सी कमिशन’ मिळाले. पदवीधर, शिक्षक, कारकून, वकिलीचा अभ्यास अर्धवट सोडलेले असे कितीतरी जण त्यात होते. १९६५ चे युद्ध त्यांतल्या अनेकांनी लढले आणि त्यानंतर काही वर्षांतच त्यांतल्या बहुतेकांना सेवामुक्त करण्यात आले. तेव्हाचे सरकार गरीब होते, अन्नधान्य बाहेरून आणत होते, तरीही ‘यांचे पुढे काय’ हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. केंद्रीय सेवांमध्ये त्यांच्यासाठी काही जागा राखून ठेवल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा घेतली गेली. मी सेवेत आलो तेव्हा माझे पहिले वरिष्ठ याच वाटेने आलेले होते. फाइलवर हिरव्या शाईने लिहिताना ते अजूनही लष्करी संक्षेप वापरत आणि कनिष्ठाने सबबी सांगायला सुरुवात केली की शांतपणे घड्याळाकडे पाहत. त्यांच्यासारख्यांमुळे आमच्या पिढीच्या प्रशासनाला एक शिस्त लाभली, असे मला नेहमी वाटत आले आहे. अर्थात, परीक्षा उत्तीर्ण न झालेल्यांची कहाणी वेगळी आहे आणि ती कोणी फारशी लिहून ठेवलेली नाही.

स्त्रियांचा प्रवेश त्यानंतर तीस वर्षांनी झाला. १९९२ मध्ये २५ तरुणींची पहिली तुकडी चेन्नईतच दाखल झाली आणि ६ मार्च १९९३ रोजी सेवेत आली. पहिली मुदत केवळ ५ वर्षांची होती. एक प्रयोग म्हणून पाहू, जमले तर ठेवू, असा त्यामागचा भाव. पुढे ती मुदत वाढत वाढत १० आणि मग १४ वर्षांवर स्थिरावली. मुदत वाढवण्याला सरकारची कधीच हरकत नव्हती. हरकत होती ती कायमस्वरूपी नियुक्तीला, म्हणजे पर्मनंट कमिशनला. पुरुष शॉर्ट सर्व्हिस अधिकारी कायम होण्यासाठी अर्ज करू शकत होता. स्त्री अधिकाऱ्याला तो अर्जच उपलब्ध नव्हता. प्रयोग यशस्वी झाला हे मुदतवाढींनी मान्य केले, पण यशाचा जो परिणाम व्हायला हवा तो होऊ दिला नाही.

२००३ साली बबिता पुनिया या वकील महिलेने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २००६ मध्ये मेजर लीना गुरव यांनी सेवाशर्तींनाच आव्हान दिले. १२ मार्च २०१० रोजी उच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले होते, तरीही त्याची अंमलबजावणी झाली नाही. अंतिम निकाल आला तो १७ फेब्रुवारी २०२० रोजी. सतरा वर्षे! म्हणजे याचिका दाखल झाली त्या वर्षी सैन्यात आलेली अधिकारी निकाल लागेपर्यंत आपली चौदा वर्षे केव्हाच संपवून बसली होती.

तो निकाल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांचा. स्त्रियांची शारीरिक क्षमता, मातृत्व, ग्रामीण भागातून आलेल्या जवानांची मानसिकता असे जे युक्तिवाद सरकारतर्फे करण्यात आले होते, ते न्यायालयाने ठामपणे फेटाळले आणि कायमस्वरूपी नियुक्तीचा मार्ग मोकळा केला. वृत्तपत्रांत गाजला तो हाच भाग. माझे लक्ष मात्र निकालाच्या शेवटच्या पानांकडे गेले, कारण आम्हा नोकरशहांना आदेशाचा व्यवहार्य भाग आधी वाचायची सवय असते. तेथे म्हटले होते की, ज्यांची सेवा १४ वर्षांहून अधिक झाली आहे आणि ज्यांना कायमस्वरूपी नियुक्ती मिळणार नाही, त्यांना २० वर्षे पूर्ण होईपर्यंत सेवेत ठेवावे, म्हणजे त्या निवृत्तिवेतनाला पात्र होतील. ही सवलत केवळ एकदाच. ती त्या दिवशी सेवेत असलेल्या आणि १४ वर्षे ओलांडलेल्या अधिकाऱ्यांसाठीच होती.

आता हे परंगिमलैच्या पंचांगाशी ताडून पाहा. मार्च २००६ मध्ये सेवेत आलेल्या अधिकाऱ्यांची १४ वर्षे मार्च २०२० मध्ये पूर्ण झाली. निकाल फेब्रुवारीच्या मध्यात आला. काही आठवड्यांच्या अंतराने त्या रेषेच्या बाहेर राहिल्या. कायमस्वरूपी नियुक्तीसाठी त्यांचा विचार होणार होता, पण तेथे नकार मिळाला तर वीस वर्षांचे संरक्षण त्यांना नव्हते. त्यांपैकी काही जणी पुन्हा न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने रेषा पुढे सरकवण्यास नकार दिला. एकदा ती सरकवली की पुढची तुकडी येईल आणि मग त्यापुढची, ही अडचण खरीच आहे. रेषा कुठेतरी आखावीच लागते, हे चाळीस वर्षे प्रशासनाच्या वर्तुळात वावरलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. पण रेषेच्या पलीकडे पडलेल्यांकडे पाहून ‘कुठेतरी आखावीच लागते’ हे वाक्य उच्चारायला किती सोपे जाते, हेही मला ठाऊक आहे.

ते कसे ठाऊक झाले, ते सांगतो. नोकरीच्या मध्यकाळात माझ्याकडे एका खात्यातील सेवा प्रकरणे येत असत. एका हंगामी कर्मचाऱ्याची नियमित सेवा निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या मुदतीपेक्षा पाच महिन्यांनी कमी भरत होती. नियमित होण्याआधीची त्याची नऊ वर्षे हजेरीपटावर होती, सेवापुस्तकात नव्हती. मी टिपणी लिहिली : ‘नियमात बसत नाही.’ वाक्य अचूक होते. वरपर्यंत कोणीही त्यात खोट काढली नाही. काही दिवसांनी तो मनुष्य भेटायला आला, भांडला नाही, फक्त विचारले की पाच महिने आणखी काम करू दिले तर चालेल का. तेव्हा त्याचे वय उलटून गेले होते. मी त्याला चहा पाजला. माझी स्वतःची निवृत्तिवेतनाची कागदपत्रे मंजूर झाली त्या दिवशी मला तो आठवला आणि त्यानंतरही अधूनमधून आठवत राहिला आहे. नियम शिथिल करण्याची शिफारस करण्याचा अधिकार मला होता. मी तो वापरला नाही, कारण त्यासाठी दोन पानांची टिपणी लिहावी लागली असती आणि नकारासाठी एक ओळ पुरत होती.

लष्करातील प्रकरणांचा विचार करताना म्हणूनच मला हेतूपेक्षा यंत्रणेच्या सवयी महत्त्वाच्या वाटतात. फेब्रुवारी २०२० च्या निकालानंतर स्त्री अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी मंडळ बसले. त्या मंडळाने दोन निकष लावले. पहिला, वैद्यकीयदृष्ट्या सर्वोच्च श्रेणीची तंदुरुस्ती. पुरुष अधिकारी ही कसोटी पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे तिशीच्या आसपास देतो. या स्त्रियांना ती चाळिशीत, काहींना पन्नाशीच्या उंबरठ्यावर द्यावी लागली, कारण तोवर त्यांना संधीच नव्हती. दुसरा निकष गोपनीय अहवालांचा. ज्या अधिकाऱ्याला कायम करण्याचा प्रश्नच उद्भवणार नाही, तिचा अहवाल लिहिताना वरिष्ठ किती काळजी घेईल? मीही शेकडो अहवाल लिहिले आहेत. ज्याची बढती समोर आहे त्याच्यासाठी शब्द तोलून वापरले जातात. ज्याचे काही होणार नाही त्याला ‘चांगला’ म्हणून मोकळे व्हायचे, ही सर्वत्रची रीत. वर्षानुवर्षे असे सैलपणे लिहिलेले अहवाल अचानक तराजूत घातले गेले. लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या याचिकेवर २५ मार्च २०२१ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे नेमके हेरले. वरून सर्वांना सारखा दिसणारा निकष परिणामात भेदभाव करतो, हे आपल्या न्यायव्यवस्थेने इतक्या तपशिलात क्वचितच सांगितले असेल. तरीही अंमलबजावणीसाठी त्याच वर्षी अवमान याचिका दाखल करावी लागली आणि ११ अधिकाऱ्यांना कायम करण्याचे लष्कराने मान्य केले ते नोव्हेंबरमध्ये, न्यायालयाने खडसावल्यावर.

हवाई दलाची कथा याहून बोलकी आहे. २००६ ते २००९ या काळात मुदत संपून बाहेर पडलेल्या ३२ स्त्री अधिकाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला. इतक्या वर्षांनंतर त्यांना पुन्हा गणवेश देणे शक्य नव्हते. म्हणून न्यायालयाने सांगितले की, जणू त्यांनी २० वर्षे पूर्ण केली आहेत असे मानून त्यांच्या निवृत्तिवेतनाचा विचार करावा. न केलेली सहा वर्षे केल्याचे मानणे! कायद्याच्या भाषेत ही एक सोयीची कल्पना आहे. माणसाच्या भाषेत, राज्यसंस्थेने दिलेली ती कबुली आहे की ती सहा वर्षे तिनेच काढून घेतली होती.

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला. ज्यांच्या याचिका प्रलंबित होत्या अशा स्त्री अधिकाऱ्यांना तूर्त सेवामुक्त करू नये, असा आदेश न्यायमूर्ती सूर्यकांत आणि न्यायमूर्ती एन. कोटीश्वर सिंग यांनी ९ मे रोजी दिला. पाठोपाठ २२ मे रोजी विंग कमांडर निकिता पांडे यांच्याबाबत तसाच अंतरिम आदेश झाला. साडेतेरा वर्षांहून अधिक सेवा, बालाकोट आणि सिंदूर अशा दोन्ही मोहिमांतील सहभाग आणि महिन्याभरावर आलेली सेवामुक्ती, असे ते प्रकरण. सरकारतर्फे सांगण्यात आले की निवड मंडळाने त्यांना योग्य मानले नाही आणि दलाला तरुण राहावे लागते. देश युद्धाच्या छायेत असताना ज्या अधिकाऱ्याला रात्रपाळीच्या नियंत्रण कक्षात बसवले जाते, तिला त्याच महिन्यात आपल्या वकिलाला फोन करावा लागतो, ही गोष्ट कोणत्याही पक्षाच्या सरकारला शोभणारी नाही.

आता लष्कराची बाजू. ती कमकुवत नाही आणि ती हसण्यावारी नेणारे लेख मला पटत नाहीत. सैन्याची रचना शंकूसारखी असते. तळाला कप्तान-मेजर भरपूर लागतात, वर ब्रिगेडियर थोडे. सगळ्यांना कायम ठेवले तर पन्नाशीचे अधिकारी डोंगरमाथ्यावर तुकड्या चालवतील. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने सैन्य तरुण ठेवण्यासाठी सेवेचा काळ कमी करावा आणि बाहेर पडणाऱ्यांना निमलष्करी दलांत सामावून घ्यावे, असे सुचवले होते. अजय विक्रम सिंग समितीनेही कायम अधिकाऱ्यांचा गाभा लहान ठेवून शॉर्ट सर्व्हिसची संख्या वाढवण्याची शिफारस केली, मात्र बाहेर पडताना त्यांना आकर्षक मोबदला मिळावा असेही म्हटले. दोन्ही शिफारशींचा पहिला अर्धा भाग सरकारला फार आवडला. दुसऱ्या अर्ध्याचे काय झाले, ते वाचकच पाहत आहेत. खर्चाचा मुद्दाही खोटा नाही : २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये आहेत आणि त्यांतले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनावर जातात. अर्थ मंत्रालयातला कोणताही अधिकारी हा आकडा पाहून सुस्कारा सोडेल.

परंतु मग प्रामाणिक मार्ग दोनच उरतात. पाच-सात वर्षे घेऊन माणसाला तिशीतच मोकळे करा. तेव्हा त्याला दुसरी नोकरी मिळते, शिक्षण घेता येते, स्पर्धा परीक्षा देता येते. नाहीतर त्याला वीसपर्यंत न्या. चौदा हा आकडा या दोहोंच्या मधोमध सर्वांत वाईट जागी उभा आहे. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी सेवेत आलेली व्यक्ती चौदा वर्षांनी सदतीस-अडतिशीला पोहोचते. नागरी सेवा परीक्षेची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२, माजी सैनिक म्हणून मिळणारी सवलत ५ वर्षांची. बेरीज ३७. म्हणजे तेही दार तिच्या डोळ्यांदेखत नुकतेच बंद झालेले असते. मुले माध्यमिक शाळेत, घरकर्जाचे हप्ते निम्म्यावर, आईवडील सत्तरीकडे, अशा वयात हे घडते. एखाद्या खासगी कंपनीने कामगारांना कायम करावे लागू नये म्हणून मुदतीच्या अलीकडे खंड दिला तर आपली कामगार न्यायालये त्या क्लृप्तीला नाव ठेवतात. सरकार तेच नियमावलीत लिहून करते, तेव्हा त्याला धोरण म्हणतात.

‘त्यांनी करारावर सही केली होती’ हे उत्तर मी अनेक सेवानिवृत्त सेनाधिकाऱ्यांकडून ऐकले आहे. विशेषतः ज्यांना स्वतःला निवृत्तिवेतन मिळते, त्यांच्याकडून. बाविसाव्या वर्षी, देशसेवेच्या उमेदीत, पर्याय नसताना केलेली ती सही आहे. शिवाय निवृत्तिवेतन ही कराराच्या मर्जीची बाब नाही, हे आपल्याकडे १७ डिसेंबर १९८२ लाच ठरले आहे. डी. एस. नाकारा प्रकरणात घटनापीठाने सांगितले की निवृत्तिवेतन म्हणजे मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हे, ते केलेल्या सेवेचे देणे आहे. त्या पीठाचे नेतृत्व सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे होते. पुण्यात शिकलेल्या या न्यायाधीशाच्या मुलानेच पुढे ३७ वर्षांनी बबिता पुनिया निकाल दिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे धागे मोहात पाडतात, पण येथे धाग्याहून तर्क महत्त्वाचा आहे. निवृत्तिवेतन जर केलेल्या सेवेचे देणे असेल, तर चौदा वर्षांच्या सेवेचे काहीच देणे कसे लागत नाही?

हा प्रश्न नवा नाही. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने सैनिकाच्या सेवेची मुदत आधी १६ वर्षे ठरवली, मग इसवी सन ५ मध्ये ती २० केली आणि पुढल्या वर्षी निवृत्त सैनिकांना रक्कम देण्यासाठी वेगळा लष्करी खजिना उभारला. त्यासाठी वारसा करही बसवला. पण खजिन्यावर ताण येऊ नये म्हणून मुदत संपलेल्यांना सोडायचेच नाही, अशी युक्ती अधिकारी करू लागले. तो मरण पावला त्या वर्षी, इसवी सन १४ मध्ये, डॅन्यूब आणि ऱ्हाइनवरच्या छावण्यांत बंड झाले. बंडखोरांच्या तक्रारींत हीच एक मोठी तक्रार होती. रोमने माणूस वेळेवर सोडला नाही, आपण वेळेआधी सोडतो. दोन्हीकडे हिशेब एकाच वहीतला. आमच्या मद्रासचाही यात वाटा आहे : फोर्ट सेंट जॉर्जमध्ये कारकून म्हणून आलेल्या रॉबर्ट क्लाइव्हने मीर जाफरच्या मृत्युपत्रातून मिळालेले पाच लाख रुपये कंपनीच्या जायबंदी सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या निधीत घातले. लुटारूपणाबद्दल कुख्यात असलेल्या माणसालाही तेवढे सुचले होते. आणि मराठेशाहीच्या दफ्तरांत लढाईत पडलेल्यांच्या मुलांसाठी ‘बालपरवेशी’ची तरतूद आढळते, हे महाराष्ट्रातील वाचकांना मी सांगावे असे नाही.

इतर देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे, जरी त्यांतले कोणीच आदर्श नाही. अमेरिकेतही वीस वर्षांचाच उंबरठा होता. पण अठरा वर्षे झालेल्या सैनिकाला, गैरवर्तनासारखे कारण नसेल तर, वीसपर्यंत ठेवावे, असे संरक्षण तेथील कायद्याने दिले. तरीही २०११ मध्ये अमेरिकी हवाई दलाने १५७ मेजरांना निवृत्तीच्या काही वर्षे आधी घरी पाठवले आणि मोठा गदारोळ झाला. पुढे जानेवारी २०१८ पासून त्यांनी पद्धतच बदलली : सरकार सैनिकाच्या बचत खात्यात आपला वाटा घालते आणि ठराविक अल्प सेवेनंतर वीसच्या आत बाहेर पडणारा रिकाम्या हाताने जात नाही. ब्रिटनमध्ये २०११ नंतरच्या कपातीत काही सैनिक तात्काळ निवृत्तिवेतनाच्या हक्कापासून अवघे काही दिवस दूर असताना काढले गेले. त्यांची बाजू तेथील वृत्तपत्रांनी लावून धरली, सरकार मात्र हलले नाही.

आपल्याकडे तर साधन घरातच आहे. सैन्यातून सार्वजनिक उपक्रमात कायमचे सामावून घेतलेल्या अधिकाऱ्याला १० वर्षांच्या सेवेवर प्रमाणशीर निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आपल्या नियमांत कित्येक वर्षे आहे. जुन्या नागरी नियमांनुसार वयोमानाने निवृत्त होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यालाही १० वर्षे पुरत होती. मग शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याने चौदा वर्षे केली असतील, तर वीसच्या प्रमाणात जेवढे होते तेवढे, हवे तर वयाच्या एखाद्या टप्प्यापासून, त्याला का मिळू नये? त्याने खर्च वाढेल, पण न्यायालयाच्या आदेशाने माणसे वीसपर्यंत ठेवण्याने जेवढा वाढतो तेवढा नाही, आणि लष्कराला हवे असलेले तारुण्यही टिकेल. दहाव्या वर्षीच निवड मंडळाने स्पष्ट उत्तर द्यावे. ज्याला कायम करायचे नाही त्याला चार वर्षांची मुदतवाढ देऊन आशेवर ठेवू नये. आणि ज्याला मुदतवाढ दिली त्याला प्रमाणशीर निवृत्तिवेतनाची हमी त्याच पत्रात द्यावी. निमलष्करी दले आणि राज्य पोलीस सेवांमध्ये वरच्या पातळीवर प्रवेश देण्याची शिफारस तर १९९९ पासून धूळ खात पडली आहे. गृह मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय हे वर्षानुवर्षे एकाच रायसीना टेकडीवर असतानाही या विषयात एकमेकांना पत्रे लिहीत राहिले आहेत.

येथे एक गोष्ट विसरली जाते. न्यायालयात गाजलेली सारी प्रकरणे स्त्रियांची आहेत, कारण त्यांच्यावर भेदभाव झाला होता आणि भेदभावाला घटनेत उत्तर आहे. पण कायम न झालेला पुरुष शॉर्ट सर्व्हिस अधिकारीही चौदाव्या वर्षी तसाच बाहेर पडतो. त्याच्याविरुद्ध भेदभाव झालेला नाही, त्यामुळे त्याला न्यायालयात सांगण्यासारखे काही नाही. समान वागणूक मिळाली म्हणजे न्याय मिळाला असे नसते. दोघांना सारखेच रिकामे पाठवणे हीसुद्धा समानताच आहे. २०१९ मध्ये अशा माजी अधिकाऱ्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतले गेले, हे स्वागतार्ह. पण डॉक्टरची फी वाचली म्हणून घर चालत नाही.

अग्निपथ योजनेने हा प्रश्न जवानांपर्यंतही नेला आहे. चार वर्षे, त्यांतले २५ टक्के कायम, उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील. माझे या योजनेबद्दलचे आक्षेप या स्तंभाच्या वाचकांना ठाऊक आहेत. तरी एक गोष्ट तिच्या बाजूने मान्य करतो : ती आधीच सांगून मोकळी झाली आहे आणि ती मुले बाविशी-पंचविशीत बाहेर पडतील. चौदा वर्षे जवळ ठेवून मग दार दाखवण्यापेक्षा ते बरे. फक्त, पंच्याहत्तर टक्क्यांसाठी ज्या राखीव जागांची घोषणा निरनिराळ्या सरकारांनी केली आहे, त्या प्रत्यक्ष भरल्या जातात की नाही, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने दर सहा महिन्यांनी विचारले पाहिजे. १९६० च्या दशकातल्या सरकारने राखलेल्या जागांची यादी निदान पुराभिलेखात सापडते.

या सप्टेंबरात परंगिमलैवर पुन्हा बँड वाजेल. माझ्या शेजारच्या इमारतीतील एका कुटुंबातील मुलगी तेव्हा अंतिम पग ओलांडणार आहे. तिचे वडील रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, निवृत्तिवेतनावर घर चालवतात. परवा जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मला विचारले, ‘सर, तुम्ही सरकारात होता, हे चौदा वर्षांचे काय ते नक्की सांगा, पुढे वाढतात ना?’ मी म्हणालो, सध्या तरी दहाचे चौदा होतात. ते म्हणाले, ‘आणि चौदाचे?’ आमच्याकडची लिफ्ट तेव्हा नेमकी बंद होती, त्यामुळे चौथ्या मजल्यापर्यंत दोघांनाही चढायचे होते.